"हेबेत से मोल!" जर्मन बोली ऐकायला शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

ड्रेसिंग चालू होतं, डॉक्टरांनी ट्रे माझ्या हातात दिला, म्हणाले "हेबेत से मोल" आणि मी ट्रे उचलला. म्हणजे खरंच उचलला, पार खांद्यापर्यंत. डॉक्टर बघतायत, पेशंट आजोबा बघतायत आणि मी ताट घेऊन आरती ओवाळायच्या पोझमधे उभी. होखडॉइचमधे, म्हणजे पुस्तकी प्रमाण जर्मनमधे, हेबन म्हणजे उचलणे हे मी बी-वन लेव्हललाच पाठ केलेलं, पण इकडे श्वाबेनमधे (जर्मनीच्या नैऋत्येचा भाग, इथली बोली श्वेबिश) हेबन म्हणजे नुसतं धरणे. धरा जरा, एवढंच म्हणत होते ते बिचारे.

त्याच आठवड्यात एका आजींनी सांगितलं की फूस दुखतोय, मी मोजा काढून पाऊल, घोटा, बोटं सगळं तपासलं आणि दुखत होतं मांडीला, कारण इकडे फूस म्हणजे पाऊल नाही, कमरेपासून खालचा अख्खा पाय. (आपण पण पाय दुखतोय म्हणतो तेव्हा पाऊलच दुखत असतं असं थोडीच आहे, मराठीत विचार केला असता तर चुकले नसते!)

तर अशी पार्श्वभूमी. बी-टू पास, हातात सर्टिफिकेट, रॉयटलिंगनच्या बाजूला हॉस्पिटलमधे नर्स, आणि वॉर्डमधे अर्ध्या लोकांचं बोलणं डोक्यावरून. लेखी रिपोर्ट वाचायला काही प्रॉब्लेम नाही, टीव्हीवरच्या बातम्या कळतात, ऑफिसातली बाई हळू बोलली की कळतं, पण दोन पेशंट आपापसात बोलायला लागले की मी रिकाम्या चेहऱ्याने सलाइन बघत बसते. म्हणून हा कोर्स घेतला. नाव देत नाहीये कारण खाली बरीच तक्रार पण आहे आणि मला भांडत बसायचं नाहीये. १० सेशन, दर मंगळवारी संध्याकाळी ९० मिनिटं, ऑनलाइन, आम्ही १४ जण, फी १४९ युरो, रेकॉर्डिंग ६ महिने बघता येतं. फक्त ऐकून समजणं, बोलायला शिकवत नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट लिहिलेलं आणि ते मला आवडलं, कारण मला श्वेबिश बोलून कोणाला इम्प्रेस नव्हतं करायचं, मला फक्त आजींचा कुठला पाय दुखतो ते कळायला हवं होतं.

पहिल्या सेशनला मी थोडी साशंक होते, वाटलं आता गंमतीजमती सांगत बसणार, पण टीचरबाईंनी सरळ १८७६ पासून सुरुवात केली. गेओर्ग वेंकर म्हणून एक माणूस होता, त्याने गावोगावच्या शाळामास्तरांना पत्रं पाठवली, की ही माझी वाक्यं, तुमच्या गावच्या बोलीत लिहून परत पाठवा. आधी ऱ्हाइनच्या भागात, मग हळूहळू अख्ख्या जर्मन साम्राज्यात. शेवटी वाक्यं ४० ठरली आणि भरलेले फॉर्म जमले ५० हजारांच्या आसपास, त्यातून मारबुर्गला नकाशे काढले. पहिलं वाक्य आहे हिवाळ्यात सुकलेली पानं हवेत उडतात अशा अर्थाचं. बाईंनी ते एकच वाक्य आठ ठिकाणच्या रेकॉर्डिंगमधे लागोपाठ ऐकवलं आणि प्रश्न एकच, काय बदललं? शब्दाचा अर्थ विचारलाच नाही. अर्थ तर माहीतच आहे, मग कानाला दुसरं काही काम उरतच नाही, फक्त फरक टिपायचा. एवढी साधी युक्ती आणि माझ्या आधीच्या कुठल्याच क्लासमधे कोणी केली नव्हती.

दुसऱ्यापासून पाचव्या सेशनपर्यंत आवाजांची अदलाबदल. कोर्सचा जीव इथे आहे आणि माझे १४९ पैकी निदान १२० युरो या चार मंगळवारांतच वसूल झाले असं मी म्हणेन.

मुद्दा असा की आपण बोली म्हटलं की शब्दांची यादी शोधतो, ब्रेडला इकडे काय म्हणतात नि बटाट्याला तिकडे काय. पण पेशंटचं वाक्य मला कळत नाही ते त्यात नवीन शब्द असतात म्हणून नाही, बहुतेक शब्द माझ्या ओळखीचेच असतात, फक्त वेश बदलून आलेले. आणि वेश कसाही बदलत नाहीत ते, नियमाने बदलतात. एक नियम कळला की एकदम पन्नास शब्द ओळखीचे होतात, यादीतला एक शब्द पाठ केला तर एकच.

उदाहरणार्थ श्वेबिश. स नंतर ट आला की स चा श होतो, शब्दाच्या शेवटी असला तरी. फेस्ट चं फेश्ट, पोस्ट चं पोश्ट, आणि बिस्ट, हास्ट वगैरेंचा शेवटचा ट पण पडतो मग बिश, होश, आणि इस्ट चं इश. आता बघा, 'इस्ट' हा शब्द प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतो, आणि माझं डोकं प्रत्येक वेळी 'इश' ऐकून 'इख' समजत होतं! म्हणजे 'ते लाल आहे' असं कोणी सांगितलं की मला वाटायचं 'मी लाल'. हा एक घोळ निस्तरला तरी निम्मं धुकं गेलं.

दुसरा नियम, ओठांचा गोल जातो. श्योन चं शे, ब्योझ चं बेस, म्यूड चं मिअड. ते ओठ गोल करून यू आणि ओ काढायला मी दोन वर्षं आरशासमोर उभी राहिले आणि इथले लोक ते काढतच नाहीत, ह्याचं काय करायचं सांगा. तिसरा, स कधीच घोगरा नाही, होखडॉइचचं 'झी' इकडे 'सी' नाहीतर नुसतं 'से'. चौथा, ट प क मऊ पडतात, टाग चं डाग. पाचवा, 'गे' मधला ए गिळतात, गेझाग्ट चं ग्सागट की ग्सेट असं काहीतरी, आणि हाबन वीर चं थेट हेमर. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. ऑडिओ स्लो करून उपयोग नाही, जो आवाज काढलाच नाही तो स्लो केल्यावर कुठून येणार.

आणि व्याकरण? उलट सोपं! श्वेबिशमधे अनेकवचनाला एकच शेपूट, मीर माखेत, ईर माखेत, सी माखेत. संपलं. 'जो, जी, जे' साठी डेअर दी डास चा घोळ घालण्यापेक्षा सरळ 'वो' लावतात, तो माणूस वो काल आला. साधा भूतकाळ बोलताना जवळपास नाहीच, 'होतो' सारखे एकदोन सोडले तर सगळं हाबन लावून. म्हणजे बोली म्हणजे बिघडलेली भाषा हा जो समज असतो (माझ्या आधीच्या एका सरांचा होता, "ते गावंढळ ऐकू नका" म्हणायचे) तो किती पोकळ आहे ते कळतं. अहिराणीला किंवा मालवणीला कोणी बिघडलेली मराठी म्हटलं की जसं वाटतं तसंच.

इथे एक माझी टीप, कोर्सवाल्यांनी सांगितलेली नाही. वहीत रोमनमधे लिहू नका, देवनागरीत लिहा. रोमनमधे लिहायला गेलं की हात आपोआप होखडॉइचचं स्पेलिंग काढतो आणि कान तेच ऐकायला लागतो. देवनागरीत जे ऐकलं तेच उतरतं. शिवाय आपल्याला प-फ-ब, त-थ-द असे तीन तीन खण लहानपणापासून तयार आहेत. होखडॉइचचा सुरुवातीचा प खरं तर थोडा श्वास सोडून येतो, फ च्या जवळ जाणारा. फ्रांकनमधे, म्हणजे न्यूर्नबर्गच्या बाजूला, तो श्वास जातो आणि प आणि ब एकच होऊन बसतात, मग तिथले लोक स्वतःच नाव सांगताना विचारतात की कडक ब की मऊ ब. वर्गातल्या इतर देशांच्या लोकांना हा फरक ऐकूच येत नव्हता, मला पहिल्या फटक्यात आला. थोडी कॉलर ताठ झाली, खोटं का बोलू.

तिसऱ्या सेशनला बाईंनी तो मोठा नकाशा दाखवला, बेनराथची रेषा. बेनराथ म्हणजे ड्युसेलडॉर्फचाच एक भाग, तिथून पूर्वेकडे आडवी रेषा काढली की 'करणे' ला उत्तरेला 'माकन', दक्षिणेला 'माखन'. हजार-बाराशे वर्षांपेक्षा जुनी गोष्ट, दक्षिणेत प ट क बदलत गेले आणि ती लाट उत्तरेकडे जाता जाता विरली. त्यामुळे प्लाटडॉइचमधे, म्हणजे उत्तरेच्या जुन्या बोलीत, पाणी वॉटर, सफरचंद अपेल, मी म्हणजे इक, आणि इंग्लिश येणाऱ्याला ते होखडॉइचपेक्षा ओळखीचं वाटतं. दुसरं टोक स्वित्झर्लंड, तिथे क चा थेट ख, किंड चं खिंड. आपल्या खिंडीशी काही संबंध नाही, पण लक्षात राहायला बरं. आणि एक मजेशीर गोष्ट, हानोफरची जर्मन सगळ्यात शुद्ध असं सगळेच म्हणतात, पण तो भाग मुळात प्लाटचा! होखडॉइच त्यांनी पुस्तकातून परक्या भाषेसारखी उचलली म्हणून अक्षराबरहुकूम बोलतात, असं बाईंनी समजावलं. म्हणजे ते पण आपल्यासारखेच क्लास लावून शिकलेले, फक्त बरंच आधी.

घड्याळाचा भाग ड्युटीच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा. होखडॉइचमधे पावणेतीनला 'तीनला पाव कमी' असं म्हणतात, पण श्वाबेनमधे आणि पूर्वेकडच्या बऱ्याच भागात म्हणतात 'ड्रायफिअर्टल ड्राय', तिसऱ्या तासाचे तीन पाव झाले. आणि सव्वादोनला 'फिअर्टल ड्राय', तिसऱ्याचा एक पाव झाला. वर्गात ब्राझीलचा एक जण डोकं धरून बसला, हानोफरहून इकडे आलेली एक अस्सल जर्मन मुलगी होती तिला पण कळेना (हो, जर्मन लोक पण हा कोर्स घेतात, त्यानेच मला अर्धं बरं वाटलं). मला फिअर्टल ड्राय ला अडखळायला झालं, पण बाकीचं सरळ. कारण हाल्ब ड्राय म्हणजे तिसऱ्याचा अर्धा, अडीच, आणि आपलं 'अडीच' सुद्धा संस्कृतच्या 'अर्धतृतीय' मधूनच आलंय, तेच गणित, तिसरा अर्धा. हँडओव्हरला फिअर्टल ड्राय ऐकून मी एकदा पावणेतीनला पोचले होते, अर्धा तास उशीर, आता नाही होत.

सहावं सेशन बायरिश, म्हणजे बव्हेरियाची (जर्मनमधे बायर्न) बोली. हे पण चांगलं, ल चं काय होतं ते दाखवलं, फील चं फुई, वाल्ड चं वोइड, आल्ट चं ओइड, आणि आय चं ओआ, त्स्वाय चं त्स्वोआ. ते सुप्रसिद्ध ओआखकात्स्लश्वोआफ म्हणायला लावतात ना परक्या माणसाला, खारीची शेपूट, त्याच्यात हे ओआ दोनदा आहे, म्हणून तो शब्द परीक्षेला ठेवलाय. नियम माहीत असला की तो शब्द जादूचा राहत नाही.

आणि इथून पुढे कोर्स घसरला.

सातवं ते दहावं सेशन म्हणजे कोणीतरी वेगळ्याच माणसाने बनवल्यासारखं. नियम गायब, याद्या सुरू. ब्रेडच्या छोट्या पावाला कुठे काय म्हणतात, ब्रोट्शन, झेमल, वेकले, बर्लिनला श्रिपे, हाम्बुर्गला रुंडश्ट्यूक, एक अख्खं पान. बेकरीत बोट दाखवून मिळतो तो, त्यासाठी वीस मिनिटं? सॅक्सनीला जे मिळालं ते एका जोकपुरतं. जोक भारी आहे हे मान्य, पूर्व जर्मनीच्या बॉर्डरवरचा शिपाई गाडीवाल्याला म्हणतो "गेन्झफ्लाइश" डिकी उघडा, शब्दशः बदकासारख्या एका पक्ष्याचं मांस, पण इथे ते नाही, 'क्योनन झी फिलाइश्ट', 'जरा उघडता का' हे तो सॅक्सन तोंडातून असं बाहेर काढतो. पण त्या एका जोकमधे क चा ग होणं, मधले स्वर गिळणं, शेवटचा ट जाणं हे सगळं होतं, बाईंनी फोडून सांगितलं असतं तर सोनं झालं असतं. हसलो आणि पुढच्या स्लाइडला गेलो.

ऱ्हाइनलँडचं पण तसंच, कोलोनच्या लोकांचा ग चा य होतो, गूट चं यूट, आणि इख चं इश, त्यामुळे किर्खे आणि किर्शे, चर्च आणि चेरी, एकसारखे ऐकू येतात. हे मिळालं, छान. पण मग मला प्रश्न पडला की माझ्याकडचा श्वेबिश इश म्हणजे 'आहे' आणि कोलोनचा इश म्हणजे 'मी', हा गोंधळ कोणी सोडवायचा? विचारलं, तर "संदर्भाने कळतं" असं उत्तर. कळलं असतं तर पैसे कशाला भरले असते बाई.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड मिळून एक सेशन. स्वित्झर्लंडला शेवटची २५ मिनिटं, आणि तिथे तर प्रोफेसरपासून प्लंबरपर्यंत सगळे रोज बोलीच बोलतात आणि होखडॉइच लिहायला ठेवतात, त्याला २५ मिनिटं. वर्गातली एक बाई खास झुरिकच्या नोकरीसाठी आलेली, तिचा चेहरा बघवत नव्हता. ऑस्ट्रियाला बराच वेळ गेला तो या गोष्टीत की १९९५ ला युरोपियन युनियनमधे जाताना त्यांनी २३ खाण्यापिण्याचे शब्द करारात लिहून घेतले, पाराडायझर म्हणजे टोमॅटो, टोपफन, मारिलन वगैरे. गोष्ट म्हणून मस्त, मी घरी पण सांगितली. पण ऐकायच्या कोर्समधे करार कशाला ऐकू?

आता ऑडिओ. पहिल्या अर्ध्या भागात खरी रेकॉर्डिंग होती, जुनी, खरखर असलेली, मागे कोंबडं ओरडतंय. दुसऱ्या अर्ध्यात स्टुडिओतले आवाज, वाचून दाखवल्यासारखे, बोलीतले शब्द पण बातम्यांची लय. एक माणूस बोलून थांबतो, मग दुसरा बोलतो. असं कोण बोलतं? माझ्या वॉर्डमधे तीन जण एकाच वेळी बोलतात, त्यात एकाची कवळी ग्लासात असते आणि टीव्ही चालू असतो. सगळ्यात मोठी उणीव मला ही वाटली की मधला पट्टा सुटलाय. अस्सल गावची बोली आता म्हातारी माणसंच बोलतात, माझ्या तिशीतल्या सहकारी तशी बोलत नाहीत, पण होखडॉइच पण बोलत नाहीत, त्या दोन्हीच्या मधे कुठेतरी असतात आणि समोर कोण आहे ते बघून वरखाली सरकतात, डॉक्टरांशी एक, आईशी फोनवर दुसरं. मला दिवसातून आठ तास हेच ऐकावं लागतं आणि कोर्समधे त्याचा अर्धा तास पण नाही.

क्विझबद्दल तर बोलायलाच नको पण बोलते. ऐका आणि टाइप करा असा प्रकार, मशीन तपासतं. बोलीला ठरलेलं स्पेलिंग नसतं हे पहिल्याच सेशनला शिकवलंत, आणि मग मी एक अक्षर वेगळं टाकलं की लाल फुली? बरोबर ऐकलेल्या सहा उत्तरांना चूक दिलं. मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर आलं की तुमचा फीडबॅक आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यानंतर काही नाही.

मग सातव्या सेशननंतर मी स्वतःच थोडी शोधाशोध केली, ती फुकट आहे म्हणून सांगते. मारबुर्गवाल्यांनी वेंकरचे जुने नकाशे नेटवर टाकलेत, तुमचं गाव शोधून आजूबाजूला कुठला आवाज कसा आहे ते बघता येतं. मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेकडे बोलल्या जाणाऱ्या जर्मनचा डेटाबेस आहे, रजिस्टर करायला लागतं, त्यात १९५० च्या दशकातली गावागावातली रेकॉर्डिंग पण आहेत, समोर लिहून काढलेला मजकूर. आणि रोजच्या भाषेचा एक ऑनलाइन अॅटलास आहे, २००३ पासून चालू, कुठल्या शहरात लोक काय म्हणतात त्याचे रंगीत ठिपके. ब्रेडच्या पावाचा नकाशा तिथे आहे, वीस मिनिटांचं सेशन दोन मिनिटांत. फक्त एक, आधी ते चार मंगळवार झाले नसते तर या साइटवर जाऊन मला काही कळलं नसतं, ठिपके बघून परत आले असते. त्यामुळे कोर्सला शिव्या पण घालवत नाहीत.

घ्यावा का? बी-टू झालं नसेल तर नको, होखडॉइचचा पाया कच्चा असताना वेश बदललेला शब्द ओळखणार कसा, मूळ चेहराच माहीत नाही. बर्लिन, हाम्बुर्गला राहत असाल तर नको, तुमच्यासाठी त्यात एकच सेशन आहे आणि त्यातही 'मॉइन' (तिकडचा नमस्कार) दिवसभर चालतं हे तुम्हाला शेजाऱ्याने सांगितलेलंच असणार. प्लाटला तर युरोपच्या प्रादेशिक भाषांच्या सनदेखाली १९९९ पासून वेगळ्या प्रादेशिक भाषेचा दर्जा आहे, तिला असं अर्ध्या तासात उरकणं बरं नाही. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर अजिबात नको. पण बाडन-व्ह्युर्टेम्बर्ग (माझं राज्य) किंवा बायर्न असेल, आणि काम माणसांशी असेल, हॉस्पिटल, वृद्धाश्रम, वर्कशॉप, बस, तर घ्या. आमच्या राज्याने १९९९ मधे स्वतःची जाहिरातच केली होती, आम्हाला सगळं येतं, होखडॉइच सोडून. चेष्टेत केलेली, पण माझ्या वॉर्डला तंतोतंत लागू.

पाचपैकी साडेतीन स्टार. पहिली सहा सेशन वेगळी विकली असती तर पाच दिले असते, उरलेल्या चारांना दोन.

फरक पडला का, तर पडला. परवा फिजिओवाल्याने कुबड्या हातात देत हेबेत से म्हटलं आणि मी नुसत्या धरल्या. आजींना आता आधी हात लावून विचारते, फूस म्हणजे इथला की इथला. दोन पेशंट भांडत असले तर कशावरून भांडतायत ते कळतं, बहुतेक वेळा खिडकी. तीन एकदम बोलले तर अजूनही सलाइन बघते.

रेकॉर्डिंगबद्दल एक, डाउनलोडचं बटण नाहीये आणि सहा महिने कोर्स संपल्यापासून नाही तर पैसे भरल्यापासून मोजतात, हे बारीक अक्षरात आहे. माझे पुढच्या महिन्यात संपतायत, म्हणून सध्या ड्युटीवरून आल्यावर तिसरं आणि चौथं सेशन परत ऐकून वहीत उतरवून घेतेय. देवनागरीत.